पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन : पाण्यात उतरण्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत

भोंगा वाजला तेव्हा मी पुढून दुसऱ्या रांगेत उभा होतो. आधीच्या महिन्याभरात तरणतलावात साडेसातशे मीटर न थांबता चार वेळा पोहून झालं होतं, त्यामुळे पोहण्याची काळजी अशी नव्हतीच. पण पन्नास मीटर जायच्या आत कोणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. पाणी हिरवट काळं, तळ दिसेना, आणि श्वास घ्यायला जावं तर छातीत जागाच नाही. शेजारच्या कयाकला, म्हणजे मदतीसाठी ठेवलेल्या छोट्या होडीला, हात घातला. त्यावरचा लाइफगार्ड शांतपणे एवढंच म्हणाला, "घेऊ नका, आधी सोडा." एक लांब श्वास सोडला, मग आणखी दोन. अर्ध्या मिनिटात छाती मोकळी झाली आणि उरलेलं सगळं अंतर मी नीट पोहून आलो.

तेव्हापासून स्वतःच्या सरावात आणि नव्याने उतरणाऱ्यांच्या सोबतीला राहून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या छोट्या अंतराच्या स्पर्धेत, नवखा माणूस अंतरामुळे अडत नाही. तो अडतो प्रत्येक टप्प्याच्या पहिल्या पाच मिनिटांत. पाण्यातली पहिली पाच, सायकलवरची पहिली पाच, धावण्याची पहिली पाच. शरीर एका कामातून दुसऱ्या कामात शिरत असतं आणि ते अजून तिथे पोहोचलेलं नसतं. या पंधरा मिनिटांचा सराव केला की बाकीचा तास-दीड तास तुमचा असतो. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

अंतर किती, वेळ किती

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक स्पर्धेला याच्या बरोबर दुप्पट अंतर असतं. स्पर्धा तरणतलावात असेल तर पोहण्याचं अंतर बहुधा कमी, ३०० ते ४०० मीटर ठेवतात. 'सुपर स्प्रिंट' नावाचा याहूनही छोटा प्रकार असतो. आसपास तो मिळाला तर पहिल्या वेळी बिनधास्त निवडा, त्यात काही कमीपणा नाही.

या खेळाला वयही फार नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे ४६ जण उतरले, तिथून आधुनिक ट्रायथलॉन सुरू झाली असं मानतात. त्या दिवशी क्रम उलटा होता. आधी धावणं, मग सायकल, शेवटी पोहणं. आज पोहणं सर्वांत आधी असतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. दमलेला माणूस रस्त्यावर चालू लागतो, पाण्यात त्याला ती सोय नसते.

आता वेळेचा अंदाज कागदावर मांडून बघा. तलावात १०० मीटरला अडीच मिनिटं लागत असतील तर ७५० मीटरला पावणेएकोणीस मिनिटं. सायकल ताशी २२ किलोमीटरने चालवली तर २० किलोमीटरला सुमारे साडेचोपन्न मिनिटं. किलोमीटरला सात मिनिटं या चालीने पाच किलोमीटरला पस्तीस मिनिटं. पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्याकडे जाताना होणाऱ्या दोन अदलाबदलींना मिळून सहा मिनिटं धरा. बेरीज एक तास चौपन्न मिनिटं. स्पर्धेची वेळमर्यादा नियमपत्रकात दिलेली असते, नाव नोंदवण्याआधी ती आपल्या अंदाजाशी ताडून बघा. एकूण मर्यादेइतकीच पोहण्याची वेगळी मर्यादाही महत्त्वाची असते आणि ती बघायचीच राहून जाते.

आधी तब्येतीचं

हा मुद्दा गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात आणि त्यामागे पुष्कळदा आधी लक्षात न आलेला हृदयाचा दोष असतो. संख्या अगदी थोडी असली तरी स्वतःपुरती काळजी घेणं आपल्या हातात आहे. वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा श्रम करताना छातीत दुखणं, चक्कर येणं, असामान्य धाप लागणं असं काही कधी झालं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा आणि तिन्ही प्रकार सलग करणार असल्याचं त्यांना स्पष्ट सांगा. ताप किंवा पोटाचा त्रास होऊन गेला असेल आणि अंगात त्राण नसेल, तर त्या दिवशी स्पर्धा सोडून द्यावी. मी एकदा सोडली आहे आणि त्याचं वाईट वाटलेलं नाही.

पोहायला येत नसेल, किंवा शंभर मीटर न थांबता जाता येत नसेल, तर स्पर्धेची तारीख ठरवू नका. आधी शिकवणी लावा. तारीख डोक्यावर घेऊन पोहणं शिकणारा माणूस घाईत चुकीच्या सवयी लावून घेतो.

सामान

थोडक्यात सांगतो, कारण नवखे यातच नको इतका वेळ आणि पैसा घालवतात. चालू स्थितीतली कोणतीही सायकल चालते. रोड बाइक असेल तर वेग मिळेल. हायब्रिड चालते, माउंटन बाइकही चालते. माउंटन बाइकला जाड खाचांचे टायर असतील तर ते बदलून गुळगुळीत टायर घालून घ्या, एवढ्या एका बदलाने सायकल हलकी पळते. हेल्मेट मात्र प्रमाणित, न तडकलेलं आणि डोक्याला नीट बसणारं हवं. पोहण्याचा गॉगल तुमच्या चेहऱ्याला बसतो का हे पट्टा न लावता बघायचं. डोळ्यांवर नुसता दाबून सोडला की क्षणभर चिकटून राहिला पाहिजे.

धावण्याचे रोजचे जुने बूट घ्या. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी काढायचे नसतात. त्यांना ताणणाऱ्या, न बांधाव्या लागणाऱ्या लवचीक नाड्या लावून घ्या. नंबर लावायचा पट्टा घ्या, म्हणजे टाचण्यांची कटकट संपते. कपड्यांसाठी ट्राय सूट सोयीचा, कारण त्याच कपड्यांत पोहणं, सायकल, धावणं सगळं होतं. तो नसेल तर अंगाला घट्ट बसणारी, लवकर सुकणारी चड्डी आणि वरचा कपडा पुरतो. ओल्या अंगावर कोरडा टी-शर्ट चढवायचा प्रयत्न एकदा घरी करून बघा. तो खांद्यावर गुंडाळी होऊन अडकतो, आणि जे आधीपासून घालून पोहता येईल तेच का घालायचं, हे लगेच कळतं.

वेटसूट म्हणजे गार पाण्यात अंग गरम ठेवणारा घट्ट रबरी पोशाख. त्याचा निर्णय पाण्याच्या तापमानावर होतो. जागतिक संघटनेच्या नियमांत हौशी स्पर्धकांसाठी १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात साधारण २२ अंश सेल्सिअसच्या वर वेटसूटला मनाई असते. काही देशांत ही मर्यादा वेगळी आहे, तेव्हा आपल्या स्पर्धेचं पत्रक बघा. वेटसूट घालायचा असेल तर त्यात आधी निदान तीन-चार वेळा पोहून झालेलं हवं. तो छातीला आवळतो, आणि ज्याला सवय नाही त्याला हाच आवळ श्वास कोंडल्यासारखा वाटतो.

पोहणं : श्वास सोडायला शिका

तलावात दोन फेऱ्यांत धापा टाकणारा माणूस म्हणतो, "माझा स्टॅमिना कमी आहे." बहुतेक वेळा हे खरं नसतं. तो तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवतो आणि तोंड बाहेर काढल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायला बघतो. तेवढा वेळ तिथे नसतो. जुनी हवा अर्धवट आत राहते, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि 'हवा हवी' असा हाकारा मेंदूला त्याच्यामुळेच जातो. म्हणून पाण्यात तोंड गेल्या क्षणापासून नाकातोंडातून बुडबुडे सुरू झाले पाहिजेत, सावकाश आणि सलग. मान वळवून बाहेर आलात की फक्त घ्यायचं.

याचा सराव उथळ पाण्यात उभं राहूनही होतो. गुडघे वाकवून खाली जा, सहा-सात सेकंद बुडबुडे सोडा, वर या, छोटा श्वास घ्या, पुन्हा खाली. असं वीस वेळा. पोहायला लागण्याआधी रोज हे करा. पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल, तिसऱ्या आठवड्यात फरक दिसेल.

दुसरी गोष्ट पायांची. नवखे पाय फार मारतात, कारण पाय खाली जातात. पाय खाली का जातात? डोकं वर उचललेलं असतं म्हणून. नजर तळाकडे, मान सैल, छाती किंचित पाण्यात दाबलेली ठेवली की कंबर आपोआप वर येते. पाय हलके, नुसते तोल राखण्यापुरते मारा. पुढे वीस किलोमीटर पेडल मारायचं आहे.

सराव तुकड्यांनी वाढवायचा. सुरुवातीला २५ मीटरचे आठ तुकडे, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. मग ५० मीटरचे आठ, मग १०० मीटरचे सहा, मग २०० मीटरचे तीन. २५ मीटरच्या तलावात ७५० म्हणजे तीस वेळा टोक ते टोक. स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी ९०० ते १००० मीटर न थांबता, आरामात होत असेल तर तयारी झाली. वेगाकडे बघू नका. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन वाक्यं सलग बोलता येतात का, ते बघा.

आता मोकळ्या पाण्याचं, कारण तळं किंवा समुद्र हा तरणतलावापेक्षा वेगळा प्रकार आहे. तळाची काळी रेघ नाही, भिंत नाही, पाणी गार आणि गढूळ. गार पाणी अचानक अंगावर आलं की शरीर आपसूक धापा टाकतं. हा भित्रेपणा नव्हे, त्वचेला बसलेल्या गारव्याची ती प्रतिक्रिया असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती सर्वांत जोरात असते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. म्हणून स्पर्धेआधी पाण्यात उतरू देत असतील तर जरूर उतरा. मानेवर, तोंडावर पाणी मारा, तोंड बुडवून बुडबुडे सोडा, वीस-तीस हात मारा. ती तीन मिनिटं भोंग्याच्या आधीच संपवून टाकायची, एवढाच हेतू.

सरळ जाण्यासाठी दर सात-आठ हातांनंतर समोर बघावं लागतं. पूर्ण डोकं उचलू नका, कंबर बुडते. फक्त डोळे पाण्याच्या वर येतील इतकंच उचला, बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) किंवा त्याच्या मागचं उंच झाड, इमारत टिपा आणि मग बाजूला वळून श्वास घ्या. मोकळ्या पाण्यात निदान दोन-तीन वेळा सराव हवाच. तो एकट्याने कधीही करू नका. सोबत जाणकार पोहणारा, उठून दिसणारी भडक टोपी आणि कमरेला बांधून ओढायचा तरंगता फुगा असू द्या.

आणि घाबरल्यावर काय करायचं याचीही तालीम करा, तलावातच. पोहता पोहता मध्येच उलटे व्हा, पाठीवर तरंगा, तीन लांब श्वास सोडा, चार-पाच हात ब्रेस्ट स्ट्रोकने जा, मग पुन्हा फ्री स्टाइल. दर सरावात एकदा. हे अंगवळणी पडलं की भीतीच्या क्षणी विचार करावा लागत नाही, शरीर आपणच उलटं होतं.

सायकल : ताकद नव्हे, लय

सीटची उंची सर्वांत आधी. पेडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग पंजा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहतो, तो बरोबर. सीट खाली ठेवून वीस किलोमीटर गेलेल्या मांड्या धावताना साथ देत नाहीत.

जड गिअर टाकून दणकून पेडल मारणं नवख्यांना शूरपणाचं वाटतं. त्याऐवजी मिनिटाला ८० ते ९० फेरे पडतील असा हलका गिअर ठेवा. मोजायला यंत्र नको. एका गुडघ्याचे वर येणारे फेरे पंधरा सेकंद मोजा, वीस-बावीस भरले म्हणजे ठीक. चढ दिसला की चढ लागायच्या आधी गिअर उतरवा, चढावर ताण देऊन बदललात तर चेन उतरण्याचा धोका असतो.

सरावात तीन गोष्टी मुद्दाम करा. एका हाताने सायकल सरळ धरून बाटलीतून पाणी पिणं आणि बाटली न बघता जागेवर ठेवणं. अरुंद जागेत वळून परत फिरणं, कारण २० किलोमीटरचा मार्ग बहुधा परत फिरण्याच्या खुणांचा असतो आणि तिथेच लोक पडतात. वळणाआधी ब्रेक मारून वेग उतरवायचा, वळताना आतलं पेडल वर ठेवायचं. आणि तिसरी, ट्यूब बदलणं. घरी जमिनीवर बसून मागचं चाक काढा, टायर काढा, ट्यूब बदला, हवा भरा. पहिल्यांदा अर्धा तास जाईल. चौथ्यांदा दहा मिनिटांत होईल. स्पर्धेत बाहेरच्या कोणाची मदत घेतली तर बाद होऊ शकता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे येत असेल तर पंक्चरची धास्ती उरत नाही.

धावणं, आणि सायकलवरून उतरल्यावरचे पाय

पाच किलोमीटर सुटे धावणं शिकणं अवघड नाही. दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, इथून सुरू करून आठ-दहा आठवड्यांत सलग पाच होतात. अवघड आहे ते सायकलवरून उतरून धावणं.

पहिल्यांदा करून बघाल तेव्हा पाय आपले नाहीत असं वाटेल. मांड्या लाकडासारख्या, पावलं कुठे पडतात ते कळेना, गुडघे पुढे जायला तयार नाहीत. तासभर कंबरेत वाकून, गोल फिरण्याच्या ठेक्यात काम केलेल्या स्नायूंना आता सरळ उभं राहून धक्के झेलायचे असतात. ती नवी जुळवाजुळव व्हायला काही मिनिटं लागतात. गंमत अशी की वेगाचा अंदाजही याच वेळी चुकतो. पायांत पेडलचा ठेका भरलेला असतो, म्हणून आपण हळू जातोय असं वाटत असताना प्रत्यक्षात माणूस नेहमीपेक्षा जोरात सुटलेला असतो आणि दुसऱ्या किलोमीटरला त्याची किंमत मोजतो.

यावर उपाय एकच, ब्रिक. सायकल आणि लगेच धावणं, अशी जोडतालीम. सुरुवातीला पंधरा मिनिटं सायकल आणि दहा मिनिटं हळू धावणं. पुढे पाऊण तास सायकल आणि वीस मिनिटं धावणं. पहिली पाच मिनिटं पावलं छोटी, खांदे सैल, इतकं हळू की लाज वाटावी. चार-पाच ब्रिक झाले की लाकूडपण पूर्ण जात नाही, पण ते ओळखीचं होतं, आणि किती वेळात ओसरतं हे माहीत असलेला माणूस घाबरत नाही.

बारा आठवडे कसे लावायचे

आठवड्यातून पाच किंवा सहा सराव, प्रत्येक खेळाचे दोन, आणि एक पूर्ण सुट्टी. ज्यात तुम्ही सर्वांत कच्चे त्याला तिसरा दिवस द्या, जो सर्वांत पक्का त्याचा एक काढा.

पहिले चार आठवडे सगळं सोपं. पोहणं अर्धा तास, सायकल अर्धा ते पाऊण तास, धावणं वीस ते तीस मिनिटं. सराव करताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवा. पाचव्यापासून आठव्यापर्यंत दर आठवड्याला एक ब्रिक आणा, सायकलची मोठी फेरी २५ किलोमीटरपर्यंत न्या, धावणं पाच किलोमीटरवर आणा. आठवा आठवडा पुन्हा हलका. नऊ ते अकरा हे खरे तालमीचे आठवडे : मोकळ्या पाण्यात पोहणं, लांब ब्रिक, आणि एकदा अर्ध्या अंतराची रंगीत तालीम, त्याच कपड्यांत, त्याच बुटांत, सकाळी त्याच वेळी उठून. बारावा आठवडा निम्म्यावर. या आठवड्यात अंग चुळबुळतं, 'थोडं आणखी करू' वाटतं. करू नका. शेवटच्या सात दिवसांत केलेल्या कष्टाने ताकद वाढत नाही, थकवा मात्र स्पर्धेपर्यंत सोबत येतो.

सराव चुकला तर चुकला. बुधवारचा राहिलेला सराव गुरुवारच्या डोक्यावर ठेवू नका. पायाच्या नडगीत, टाचेत किंवा गुडघ्यात एका जागी टोचणारं दुखणं दोन दिवसांत गेलं नाही, तर धावणं थांबवा. पोहणं आणि सायकल चालू ठेवता येतात का पाहा. तीन खेळ असण्याचा हा मोठा फायदा आहे.

अदलाबदल : जिथे डोकं ठिकाणावर हवं

पोहणं ते सायकल या अदलाबदलीला टी-१ म्हणतात, सायकल ते धावणं याला टी-२. हे सगळं ट्रान्झिशनच्या आवारात होतं. तिथे आडव्या दांड्यांवर शेकडो सायकली टांगलेल्या असतात आणि पाण्यातून आलेल्या माणसाला त्या सगळ्या सारख्या दिसतात. म्हणून सकाळी सामान लावून झालं की चालत जा : पाण्यातून बाहेर यायच्या जागेपासून आपल्या दांडीपर्यंत, तिथून सायकल बाहेर न्यायच्या फाटकापर्यंत, मग सायकल आत आणायच्या वाटेने परत, आणि शेवटी धावायला बाहेर पडायच्या फाटकाकडे. रांगा मोजा. 'डावीकडून चौथी रांग, दिव्याच्या खांबासमोर' असं तोंडाने म्हणून ठेवा. शेजारच्या सायकलची खूण धरू नका, तुम्ही याल तेव्हा ती गेलेली असेल.

जमिनीवर छोटा टॉवेल पसरा. पुढे सायकलसाठीचे बूट, मागे धावताना घालायची टोपी. नवख्याने सायकल आणि धावणं एकाच बुटांत करावं असं माझं स्पष्ट मत आहे, एक बदल कमी होतो. हेल्मेट उलटं करून हँडलवर ठेवा, पट्टे बाहेर लोंबते. नंबरचा पट्टा हेल्मेटमध्ये. मोज्यांच्या कडा अर्ध्या दुमडून, आत थोडी पावडर टाकून ठेवा, ओला पाय सरकतो. बाटली सायकलला लावलेली, आणि चेन हलक्या गिअरवर. हे शेवटचं विसरलं तर सुरुवातीला पेडल फिरवणं फार जड जातं.

क्रम ठरलेला असावा आणि घरी दहा-बारा वेळा केलेला असावा. टोपी-गॉगल काढा, नंबरचा पट्टा, हेल्मेट घालून बकल लावा, मोजे-बूट, आणि मग सायकलला हात. बकल लावल्याशिवाय सायकल दांडीवरून काढायची नाही, आणि परत आल्यावर सायकल टांगल्याशिवाय बकल सोडायचं नाही, हा जगभरचा नियम आहे आणि तो काटेकोर पाळला जातो. आवारात सायकल चालवायची नसते, हाताने ढकलत न्यायची. चढण्याची रेषा ओलांडली की चढायचं, येताना उतरण्याच्या रेषेआधी उतरायचं.

बाकीचे नियम

नवख्यांच्या स्पर्धांत सायकलवर दुसऱ्याच्या मागे चिकटून जायला बहुधा मनाई असते, कारण पुढच्या माणसाने फोडलेल्या वाऱ्याचा फायदा मागच्याला मिळतो. किती अंतर राखायचं आणि ओलांडायला किती सेकंद, ते पत्रकात असतं. ते वाचा, आणि एका बाजूने चालवा. हेडफोन चालत नाहीत. कचरा ठरलेल्या जागीच टाका. हँडलच्या नळ्यांची उघडी टोकं बुचांनी बंद असली पाहिजेत, पडल्यावर ती नळी अंगात घुसते म्हणून तपासणीत हे बघतात. पोहताना बोया, दोरी किंवा कयाक धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. हा नियम माहीत असला की अर्धी भीती उतरते.

आदली संध्याकाळ आणि सकाळ

आदल्या दिवशी नंबर, पोहण्याची टोपी आणि वेळ नोंदवणारी टायमिंग चिप घ्या, स्पर्धकांच्या सूचना-बैठकीला बसा. टायरमध्ये हवा, ब्रेक, चाकं घट्ट धरून ठेवणारे दांडे तपासा. संध्याकाळी रोजचंच साधं जेवण, नवं काही नाही. झोप नाही लागली तरी घाबरू नका, त्याआधीच्या दोन-तीन रात्री चांगली झोप झालेली असली की भागतं.

सकाळी सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी सरावात पचलेलं हलकं खा. जागेवर दीड तास आधी पोहोचा. चिप डाव्या घोट्याला बांधा. सायकलची चेन उजवीकडे असते, तिच्यात अडकायला नको.

दीड-दोन तासांच्या श्रमात बहुतेकांना सायकलवरची एक बाटली पुरते. तहान लागेल तसं घोट घोट प्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी पिणंही धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम त्याने उतरतं.

भोंगा वाजल्यावर

मागे आणि कडेला उभे राहा. भोंगा झाल्यावर दहापर्यंत मोजा, गर्दी पुढे जाऊ द्या, मग निघा. पहिले दोनशे मीटर सरावापेक्षाही हळू. धक्का लागेल, कोणाचा हात पाठीवर पडेल. तो मुद्दाम मारलेला नसतो. श्वास जड झाला की बुडबुड्यांकडे लक्ष द्या, नाहीच जमलं तर पाठीवर. मदत हवी असेल तर हात वर करा, कयाक येते. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय थोडे जोरात मारा, म्हणजे त्यांत रक्त खेळू लागतं. हात तळाला लागेपर्यंत पोहत राहा, मग सावकाश उभे राहा. एकदम उठल्यावर गरगरतं, म्हणून टी-१ पर्यंत चालत गेलात तरी चालेल. चालत चालत गॉगल कपाळावर घ्या.

सायकलवर चढल्यावर हृदय अजून पाण्यातल्याच धडपडीत असतं. पहिली पाच मिनिटं हलका गिअर, दोन घोट पाणी, बस. बाकीचे पुढे जातील, जाऊ द्या. मधले पंधरा किलोमीटर स्थिर चालीने काढा. शेवटच्या एक-दोन किलोमीटरला पुन्हा हलका गिअर करून पाय भरभर फिरवा, रस्ता मोकळा असेल तर सीटवरून क्षणभर उठून पोटऱ्या ताणा.

टी-२ मध्ये सायकल टांगा, हेल्मेट काढा, टोपी घाला, नंबर पुढे फिरवा आणि निघा. छोटी पावलं. पहिला किलोमीटर घड्याळ बघू नका. पाण्याचं टेबल आलं की चालत प्या, दहा सेकंदांनी काही बिघडत नाही. कुशीत कळ आली तर वेग उतरवून श्वास लांब सोडा. तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास पाय मोकळे होतात, आणि मग उरलं असेल ते सगळं तिथे खर्च करायला हरकत नाही.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. कोरडे कपडे घाला, पाणी प्या, तासाभरात काही खा. छातीत दुखत असेल, बोलताना शब्द अडखळत असतील, किंवा हुडहुडी थांबत नसेल तर थेट वैद्यकीय तंबूत जा, ते त्यासाठीच बसलेले असतात. चिप परत करायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं हलकं पोहणं किंवा चालणं, धावणं चार-पाच दिवसांनी.

संध्याकाळी निकाल लागला की एकूण वेळेशी थांबू नका. त्यात पाच आकडे असतात : पोहणं, टी-१, सायकल, टी-२, धावणं. ते वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर एक ओळ लिहा, त्याची पहिली पाच मिनिटं कशी गेली. आठवण ताजी असतानाच लिहा, पुढच्या बारा आठवड्यांचा आराखडा त्यातूनच निघतो.